मन जड झालंय? एक छोटा प्रश्न धरा

काळ कठीण असला की हात आपसूक बातम्यांकडे जातो आणि जीव आणखी घाबरा होतो. अशा वेळी आपल्या दुःखाशी काडीचाही संबंध नसलेला एखादा प्रश्न धरा. फुलं सापडली की मधमाशी बाकीच्यांना कसं सांगते? पोळ्यावर नाचून! नाचाची दिशा सूर्याच्या संदर्भाने वाट दाखवते. अंग थरथरवत ती जितका जास्त वेळ चालते, तितकी फुलं लांब. हे कोडं उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. किती सुंदर आहे हे! उत्तर वहीत दोन ओळींत लिहा, जमलं तर कुणाला तरी सांगा. प्रश्न मात्र आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. खचलेल्या मनाला ऐन वेळी काही सुचत नाही.