सेल नंतर, आधी पॅच वाचवा

वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या स्क्रीनवर ‘बॅटरी लो’ आलं की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. माझाही गेला होता. सेल काढला, नवा बसवला, आणि चालू करतो तर शंभर पॅचच्या, म्हणजे जुळवून साठवलेल्या आवाजांच्या, नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. कितीतरी रात्री जागून जमवलेला बासरीचा पॅच त्यातच गेला. त्यामुळे आता माझा क्रम ठरलेला आहे.

जुन्या वर्कस्टेशनमध्ये, म्हणजे आवाज आणि रेकॉर्डिंग दोन्ही असलेल्या कीबोर्डमध्ये, तुमचे पॅच एसरॅममध्ये राहतात; वीज गेली की ही मेमरी सगळं विसरते. मेन्स बंद असताना तिला ३ व्होल्टचा सेल जगवतो, बहुतेक वेळा सीआर२०३२. कुर्झवाइल के२००० मध्ये मात्र तीन डबल-ए सेल असतात. कंपनीचे मूळ वेव्ह (आवाजाचे नमुने) रॉम या कायमच्या मेमरीत असतात, त्यांना काही होत नाही. जाते ती तुमची मेहनत. शिवाय सेल सगळंच सांभाळतो असं नाही. कॉर्ग ट्रायटनच्या सिक्वेन्सरमधलं, म्हणजे वाजवलेलं टिपून ठेवणाऱ्या भागातलं, गाणं आणि तात्पुरत्या रॅममधले सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) स्विच बंद करताच जातात. ते त्याच बैठकीत फ्लॉपीवर सेव्ह करा.

फ्लॉपी असेल तर सरळ ‘सेव्ह ऑल’. १९८८ च्या कॉर्ग एम१ ला फ्लॉपीच नाही. तिथे रॅम कार्ड, नाहीतर मिडी, म्हणजे वाद्यं आणि कंप्युटर जोडणारी केबल. कीबोर्डचा मिडी आउट कंप्युटरला जोडलेल्या मिडी इंटरफेसच्या इनमध्ये लावा, कंप्युटरवर मिडी-ऑक्स किंवा सिसेक्स लायब्रेरियन हे सॉफ्टवेअर ऐकायला बसवा आणि मग कीबोर्डवरून बल्क डंप, म्हणजे सगळे पॅच एकदम, सोडा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे साधारण ३ हजार बाइट. ६४ केबीला वीसेक सेकंद लागणारच, मध्येच केबल हलवू नका.

इथे घाई करू नका. डंप दोनदा घ्या. दोन्ही फाइलींचा आकार वेगळा आला तर इंटरफेस बाइट गिळतोय. स्वस्त इंटरफेसना लांब सिसेक्स (असा डंप नेणारा मिडी संदेश) झेपत नाही. आकार जुळला की एखाद्या फालतू पॅचचं नाव मुद्दाम बदला, मेमरी प्रोटेक्ट (मेमरीचं कुलूप) काढा, एक्सक्लुझिव्ह, म्हणजे सिसेक्सच, घेण्याची परवानगी द्या आणि डंप परत पाठवा. जुनं नाव आलं, तरच डंप खरा. फाइलीच्या नावात तारीख टाका. ‘फायनल’ नावाच्या माझ्याकडे चार फाइली आहेत, त्यातली शेवटची कुठली ते देव जाणे.

आता स्क्रूड्रायव्हर घ्या. मेन्सची वायर काढून थोडं थांबा, तरीही पॉवर सप्लायला हात लावू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. स्क्रू लहान-मोठे असतात, काढतानाच फोटो घ्या. सेलचा प्लस कुठल्या बाजूला आहे त्याचाही. बोर्डाला हात लावण्याआधी धातूला स्पर्श करा.

सेल सोल्डर केलेला असेल तर नव्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटू शकतो. होल्डर बसवून घ्या, पुढच्या वेळी दोन मिनिटांचं काम. एलआयआर२०३२ हा रिचार्जेबल सेल तिथे चालत नाही, त्याचं व्होल्टेज जास्त असतं. नवा सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तो घेऊच नका.

चालू केल्यावर कचरा दिसला तर आधी फॅक्टरी रिसेट, मग डंप लोड. रात्रभर बंद ठेवून सकाळी पॅच जागेवर आहेत ना ते पाहा. आणि खालच्या पत्र्यावर टेप चिकटवून सेल बदलल्याची तारीख लिहा.