वीज गेली तर गाडीवर पंखे-फ्रिज

सोलापुरात वळवाच्या वादळात वीज गेली, इन्व्हर्टरही बसला, तर व्ही-टू-एल (गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देण्याची सोय) असलेली ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, कामाला येते.

१. गाडीत डिस्चार्जची मर्यादा ३० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे बॅटरी तेवढी उरली की वीज देणं थांबेल.
२. चार्जिंग पोर्टला कंपनीचाच व्ही-टू-एल अडॅप्टर लावा.
३. १६ अँपिअरचा, २.५ चौरस मिमी तांब्याचा एक्स्टेंशन बोर्ड जोडा. वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तापते, त्यात इथला उन्हाळा!
४. आधी फ्रिज, मग पंखे लावा. फ्रिज, तीन पंखे, चार दिवे मिळून साधारण ४५० वॅट, म्हणजे आठ तासांत साडेतीन-चार युनिट. गिझर, इस्त्री नकोच.

दोन्हीकडे पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज कधीही सोडू नका. ती उलटी लाइनवर जाते आणि खांबावरचा वायरमन दगावू शकतो.