एकांकिका उभी करण्याआधी

स्नेहसंमेलनाची किंवा युवा महोत्सवाची एकांकिका ठरली की मुलं त्याच संध्याकाळी संवाद घोकायला बसतात. ते थोडं लांबवा. आधी सगळ्यांनी गोल बसून संहिता दोनदा सलग वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: या नाटकात कोणाला काय हवंय आणि त्याच्या आड कोण येतंय? हाच संघर्ष. तो एका वाक्यात मांडता येईपर्यंत सेट, लाइट, म्युझिक कशाचंच बोलणं काढू नका. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची सहा अंगं सांगितली, कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यात कथानक पहिलं आणि दृश्य शेवटचं. तालमीचा क्रमही तोच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आता पात्रं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर घ्या. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय. मुलीला शिकायला पुण्याला जायचंय. आई म्हणते, "जा की मग, कोण अडवायलंय तुला?" आणि म्हणता म्हणता पानांची अर्धी चळत मुलीपुढे सरकवते. शब्द जा म्हणतात, हात थांब म्हणतो. संहितेतल्या प्रत्येक प्रवेशात अशी एक तरी जागा हुडकून तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चारही प्रकार या एवढ्याशा प्रसंगात तपासता येतात. चळत सरकवणारा हात हा आंगिक, वाक्याचा हेल हा वाचिक, धुवट साडी आणि रंगभूषा हे आहार्य, आणि "तुला" म्हणताना घसा दाटून येतो तो सात्त्विक. आईचं काम करणाऱ्या मुलीने विड्या वळणाऱ्या एखाद्या मावशींजवळ बसून त्यांची बोटं नीट बघून यावं. नुसती बोटं हलवलेली सोलापूरच्या प्रेक्षकाला लगेच कळतात.

भाषेची तपासणी वेगळी करा. "काय करायलास बे" हे आपल्याकडचं रोजचं बोलणं आहे, ते पात्राच्या तोंडी असेल तर पुस्तकी करू नका. पात्र तेलुगू किंवा कन्नड घरातलं असेल तर त्याचा हेल हशा मिळवायला वापरू नका. शेजारी तसंच बोलणारी माणसं बसलेली असतात आणि त्यांना ते लागतं.

रंगसूचनांमध्ये उजवी-डावी नटाची असते, प्रेक्षकांची नाही, हे पहिल्या तालमीलाच पक्कं करा. नाहीतर दोघंजण एकाच विंगेत धडकतात. प्रत्येकाने आपली एंट्री, एक्झिट आणि जागा संहितेच्या समासात लिहून ठेवावी. प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात असेल तर परवानगी काढून रिकामं नाट्यगृह आधी बघून या. एकाने रंगमंचावरून साध्या आवाजात बोलावं, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ऐकावं. वाक्याचा शेवटचा शब्द पोचत नसेल तर आवाज चढवण्याआधी श्वास कुठे घेताय ते बघा.

नेपथ्य कमीच ठेवा. खाट, सूप आणि खुंटीवरचा शर्ट एवढ्यात घर उभं राहतं. यंत्रमागाचा खडखडाट सुरुवातीला मोठा द्या आणि पहिल्या वाक्याआधी खाली आणा, संवाद त्याखाली दबला तर कथानकच हरवतं. लाइट मारणाऱ्याला क्यू, म्हणजे कोणत्या वाक्याला लाइट बदलायचा ते, पानासकट लिहून द्या. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर एकांकिका करत असाल तर मनगटावरची घड्याळं, प्लॅस्टिकच्या चपला, चेनच्या बॅगा रंगीत तालमीलाच काढून टाका. चार हुतात्म्यांची फाशी १२ जानेवारी १९३१ ची आहे, मार्शल लॉच्या काळातली नाही, हेही संहितेत पडताळा.

लेखकाची लेखी परवानगी आणि स्पर्धेची वेळमर्यादा हे एकाच जबाबदार मुलाकडे सोपवा. रंगीत तालीम पूर्ण वेशात, घड्याळ लावून, मध्ये न थांबता करा. कोणी वाक्य विसरलं तर समोरच्याने सावरून घ्यायचं, दिग्दर्शकाने बोलायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी प्रॉपर्टीचं टेबल विंगेत लावा आणि प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखा. सेफ्टी पिना, सुई-दोरा, जादा सेल, पाण्याची बाटली, छापील संहितेची एक प्रत तिथेच. पहिल्या घंटेला सगळे मेकअपसह तयार, दुसऱ्या घंटेला मोबाइल बंद करून एका पिशवीत, आणि तिसऱ्या घंटेआधी ज्याची त्याची पहिली वस्तू ज्याच्या त्याच्या हातात.