आयएसओ १४००१ घेताय? आधी रिन्सच्या टाकीपाशी उभे राहा

वाळूजच्या एका छोट्या झिंक प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे लोखंडी पार्टवर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, मी एकवीस वर्षं काढली. आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र, घ्यायचं ठरलं तेव्हा सल्लागाराने तयार फाइल दिली. तिच्यात बॉयलरच्या धुरावर अख्खं पान. आमच्याकडे बॉयलरच नाही!

तेव्हा फाइल बाजूला ठेवा आणि महिनाभर एका साध्या वहीत रोज लिहा: पाणी किती आलं, ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) किती गेलं, स्लजच्या म्हणजे तिथल्या गाळाच्या गोण्या किती भरल्या.

मग लक्ष्य. १९९६ पासूनचं हे मानक, २०१५ ची सुधारित आवृत्ती धरूनही, किती पाणी वाचवा हे सांगत नाही. आकडा आपणच ठरवायचा. गोम इथेच आहे. अमेरिकेत १९९१ साली ३३/५० नावाचा ऐच्छिक कार्यक्रम निघाला. १७ विषारी रसायनांचं उत्सर्जन १९८८ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्मं करायचं होतं. ते वर्षभर आधीच झालं. पण पुढे अभ्यासकांनी पेटंट मोजली, तर कार्यक्रम संपल्यावर काही वर्षांनी सहभागी कंपन्यांचे पर्यावरणविषयक पेटंट अर्ज घटलेले दिसले. मला यात नवल वाटत नाही. गळके नळ बदलून आकडा गाठता आला, तर डोकं कोण चालवणार?

म्हणून आहे त्या पद्धतीने गाठताच येणार नाही असं लक्ष्य घ्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या पाण्यातही कपात झाली. आम्ही ठरवलं, रिन्सचं, म्हणजे मुलाम्यानंतर पार्ट धुण्याचं पाणी निम्मं. उपाय बिडकीनच्या ऑपरेटर पोराने सांगितला: "सर, बॅरल जरा निथळू द्या ना, समदं केमिकल पाण्यातच चाललंय." मग पार्ट भरलेला तो भोकांचा बॅरल वीस सेकंद केमिकलच्या टाकीवरच धरू लागलो. फार वेळ धरलं की पार्टवर डाग पडतात, म्हणून वेळ पार्टगणिक ठरवा. मग तीन रिन्स टाक्या एकीला एक जोडल्या. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत, तिथून ते मागे मागे येतं; माल पुढे जातो, पाणी उलटं.

खर्चाची धास्ती असेल तर केंद्राच्या झेड योजनेपासून (लहान उद्योगांसाठी 'झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट' प्रमाणपत्र) सुरुवात करा. या झेड प्रमाणपत्राच्या फीवर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सवलत आहे.

लक्ष्य गाठलं त्याच मीटिंगमध्ये पुढचं लिहून घ्या. आणि ऑपरेटरला बोलवा. आमचा पहिल्या वेळी दारातच उभा राहिला. कँटीनमधून खुर्ची आणावी लागली.