उगम आतच असेल तेव्हा

बेळगावात एमएस्सी करणाऱ्या, निपाणीहून येणाऱ्या भाचीला ओएलईडीच्या (सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांचा एलईडी) थरांतून बाहेर पडणारा प्रकाश मोजायचा होता. ट्रान्सफर मॅट्रिक्सचा (थरांतून प्रकाशलाट कशी जाते ते काढायची गणिती पद्धत) तयार कोड बाहेरून येणारी लाट धरतो. इथं तर प्रकाशाचा उगम थरांच्या पोटातच.

मग उगमाच्या पातळीवर रचना कापली. वरच्या-खालच्या भागांचे परावर्तन गुणांक कलेसकट (फेजसकट) काढले. या दोन गुणांकांचा, म्हणजे वर-खाली एका पूर्ण फेरीचा, गुणाकार १ मधून वजा करून त्यानं लाटेचा आयाम (अँप्लिट्यूड) भागला, की सगळ्या येरझाऱ्या हिशेबात आल्या. उगम १० नॅनोमीटर सरकला तरी आकडा हलतो, त्यामुळे जागा नेमकी द्या.

उत्तर म्हणजे थर नसताना तोच उगम देईल त्या प्रकाशाशी गुणोत्तर. ते १ च्या वर गेलं तर घाबरू नका, अनुनादात तसं होतंच. जाड काचेत मात्र आयामांऐवजी तीव्रतांचीच बेरीज करा. पडताळणीसाठी सगळीकडे एकच अपवर्तनांक भरा: बरोबर १ यायलाच हवं.