तलावाचा विनामूल्य लोकोत्सव कसा भरवावा

गोड्या पाण्याच्या मोठ्या तलावाचा उत्सव सर्वांसाठी खुला व विनामूल्य ठेवायचा असेल, तर किनाऱ्याच्या वापराची परवानगी, जीवरक्षक आणि स्वच्छतागृहे यांची व्यवस्था आधी करावी. मंच आणि सजावट नंतर पाहता येते. उत्सवाच्या केंद्रस्थानी मात्र पाणीच असावे. त्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आलटूनपालटून काळी-पांढरी रंगवलेली सेकी तबकडी (पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन) मोजखुणांच्या दोरीने नावेच्या सावलीच्या बाजूस पाण्यात सोडावी, आणि ती दिसेनाशी होते ती खोली व वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली यांची सरासरी मुलांकडून काढून घ्यावी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये अवलंबलेली ही पद्धत (मूळ तबकडी पांढरी होती) पाण्याची पारदर्शकता भाषणांपेक्षा चटकन समजावते. फुगे टाळावेत, त्यांचे तुकडे अखेर पाण्यातच जातात.