अर्धी मात्रा मागे

ब्लूटूथचा हेडफोन कानात घालून गाणं रेकॉर्ड करू नका. एवढं एक वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर माझे अडीच महिने आणि बरंचसं रडणं वाचलं असतं. त्यावर पुढे सविस्तर लिहिते, कंटाळा येईल इतकं लिहिते.

मी सांगलीची. दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिते, संध्याकाळी पेटी आणि गाणं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा झाल्यात. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटीला मीच बसते. म्हणजे संगीतात अगदीच कोरी नव्हते, आणि घात तिथंच झाला. आपल्याला सूर-ताल कळतो म्हटल्यावर कॉम्प्युटरचं काय, चार व्हिडिओ बघून जमेल, असं वाटलं. ज्यात गाणं रेकॉर्ड करतात त्या सॉफ्टवेअरला सगळे 'डॉ' म्हणतात. आई अजून विचारते, तुझा तो डॉक्टर काय म्हणतोय.

कुठला डॉ घ्यायचा यावर लोक महिनोन् महिने घालवतात. घालवू नका. मी रीपर वापरते. साठ दिवस पूर्ण चालतो, नंतर रोज उघडताना पैशांची आठवण करून देतो, आणि घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला आहे. जुन्या लॅपटॉपवरही दम लागत नाही. ॲपलचा कॉम्प्युटर असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं, तिथंच सुरू करा. एफएल स्टुडिओ बीट बनवणाऱ्यांना आवडतो, पण त्याच्या फुकट आवृत्तीत सेव्ह केलेलं गाणं विकत घेईपर्यंत परत उघडता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. आणि क्रॅक केलेलं काही घालू नका. हे नीतीचं प्रवचन नाही. डॉला जोडायच्या एका क्रॅक केलेल्या छोट्या सॉफ्टवेअरबरोबर, म्हणजे प्लगइनबरोबर, माझ्या लॅपटॉपमध्ये जे शिरलं, त्यानं पेढीची एक्सेलची फाइलसुद्धा उघडेना झाली. मालकांसमोर काय तोंड घेऊन उभी राहिले ते माझं मला माहीत.

आता तो ब्लूटूथचा खड्डा.

पहिलं गाणं माझंच, अभंगाच्या वळणाचं. भजनी ठेका आठ मात्रांचा, डॉमध्ये भरलेला. टेम्पो 140, म्हणजे मिनिटाला 140 मात्रा. पेटीचे स्वर माउसनं एकेक करून लावले, कारण पेटीसारखा वाजवायचा कीबोर्ड नव्हता. मग माइक लावला, कानात भाच्याचे ब्लूटूथ इअरबड घातले आणि गायले. गाताना सगळं छान वाटलं. परत ऐकलं तर गाणं ठेक्याच्या मागे फरफटत होतं. दोरीला धरून ओढत नेल्यासारखं. पुन्हा गायले. तेच. अकरा वेळा गायले.

एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओवाल्यांना ती फाइल पाठवली. त्यांनी वीस सेकंद ऐकून उत्तर दिलं, "आवाज बरा आहे, ताल कच्चा आहे. आधी ताल पक्का करा, मग रेकॉर्डिंगचं बघा." मी ते खरं मानलं. परीक्षेत हातावर टाळी देत सोळा मात्रा मोजलेल्या मुलीला कुणी असं म्हटलं की ते आत जाऊन बसतं. अडीच महिने रोज पहाटे मेट्रोनोम लावून बसले. मंडळात पेटी वाजवतानाही भीती वाटायला लागली. एका एकादशीला तर डोकं दुखतंय सांगून घरीच राहिले.

सोडवलं कुणी, तर मांडवात साउंड लावणाऱ्या काकांनी. ते मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला आले होते. माझं रेकॉर्डिंग ऐकलं, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तू चुकतीस तर दरवेळी सारखीच कशी चुकतीस?"

मग त्यांनी मला गायला लावलंच नाही. नुसता क्लिक, म्हणजे डॉमधल्या मेट्रोनोमची टकटक, लावला आणि त्यावर टाळ्या वाजवायला सांगितल्या. रेकॉर्ड झालेल्या टाळ्या मोठ्या करून बघितल्या. पहिली टाळी क्लिकच्या 210 मिलिसेकंद मागे. दुसरी साधारण तेवढीच मागे. आठवी, बारावी, तसंच. माणसाचा ताल चुकतो तेव्हा कधी पुढे जातो, कधी मागे येतो, दमल्यावर ढिला पडतो. माझ्या टाळ्या मोजपट्टीनं मांडल्यासारख्या मागे होत्या. चूक माझ्या हातात नव्हती.

140 च्या लयीत एक मात्रा सुमारे 428 मिलिसेकंदांची होते. 210 म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धी मात्रा. दुसरा हिशेब सांगते, तो जास्त पटतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 210 मिलिसेकंदांत 72 मीटर. म्हणजे मी गात होते आणि माझा तबलजी 72 मीटरवर, गल्लीच्या पार त्या टोकाला बसला होता.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण ब्लूटूथ काढल्यावरही हा रोग थोडा उरतो. डॉ ठेका वाजवतो. तो आवाज आधी बफर नावाच्या साठ्यात जमतो, मग ड्रायव्हरमधून, म्हणजे कॉम्प्युटर आणि आवाजाचं यंत्र यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बाहेर पडतो. ब्लूटूथ असेल तर तिथं तो दाबून बारीक होतो, हवेतून जातो, कानाशी पुन्हा उलगडतो. या सगळ्याला साध्या ब्लूटूथवर 150 ते 250 मिलिसेकंद सहज लागतात. तुम्ही ऐकता तो ठेका शिळा असतो. त्या शिळ्या ठेक्याला धरून तुम्ही अगदी अचूक गाता. डॉला मात्र वाटतं, ठेका मी केव्हाच वाजवला, ही बाई आत्ता गातेय. तो तुमचा आवाज तसाच उशिरा मांडतो. वर दुसरं वाद्य त्या मागे पडलेल्या गाण्याला धरून वाजवलंत, तर ते आणखी अर्धी मात्रा मागे. असं करत करत चौथ्या ट्रॅकपर्यंत मंडळ गावाबाहेर.

तर वायरचा हेडफोन. साधा, शंभर-दीडशेचा चालेल. मी तो घातला आणि उशीर 210 वरून 60 च्या आसपास आला. खूश झाले, पण 60 सुद्धा कानाला कळतात, विशेषतः टाळ वाजवताना. हा उरलेला उशीर विंडोजच्या साध्या ड्रायव्हरचा होता. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी डबी, घेतला असेल तर त्याच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, तो कमी उशिराचा असतो. नसेल तर एएसआयओ फोर ऑल फुकट मिळतो. मग बफरचा आकडा बघा. 44,100 च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने घेतले तर, 1024 चा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद, 128 चा म्हणजे तीनच्या आत. हा उशीर जातानाही लागतो आणि येतानाही. गाताना 128, नंतर मिक्सिंगला 1024. कमी बफरवर लॅपटॉप तडतडायला लागला तर 256 करा. तडतड म्हणजे काही बिघडलेलं नाही, त्याला श्वास घ्यायला वेळ पुरत नाहीये.

इथं लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, मीही केली. स्वतःचा आवाज कानात उशिरा येणं हा एक त्रास. रेकॉर्ड झालेला आवाज पट्टीवर उशिरा बसणं हा दुसरा. पहिल्यावर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की काम झालं, आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. पण ते बटण दुसरा त्रास बरा करत नाही. दुसऱ्यासाठी ड्रायव्हर आपला उशीर डॉला सांगतो आणि डॉ तेवढं गाणं उचलून आधीच्या जागी बसवतो. ड्रायव्हरनं खरा आकडा सांगितला तर. नाही सांगितला तर तुम्ही मोजायचा.

मोजणं सोपं आहे. हेडफोनची एक वाटी माइकला अगदी चिकटवून धरा. डॉमध्ये क्लिकचा एक ट्रॅक लावा आणि माइकचं रेकॉर्डिंग चालू करा. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांच्यातलं अंतर मोठं करून वाचा. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंगचं पान आहे, तिथं हा आकडा मिलिसेकंदांत भरायची जागा आहे. भरा, पुन्हा तीच परीक्षा घ्या, क्लिकवर क्लिक बसला की झालं. माझ्या आताच्या इंटरफेसवर 8 निघाले. नवीन इंटरफेस, नवीन ड्रायव्हर, बदललेला बफर, काहीही झालं की पुन्हा मोजते. बहीण म्हणते, तुला वेड लागलंय. लागू दे.

बाकीचं मी भरभर सांगते, कारण ते तुम्हाला कुठंही सापडेल.

माइकसाठी कर्ज काढू नका. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे वायरीतून मिळणारी वीज, लागतो आणि तो माइक शेजारच्या कुकरची शिट्टीही प्रेमानं टिपतो. आपल्या खोल्या मोकळ्या, फरशीच्या, वर पंखा. तिथं मंडळातला साधा डायनॅमिक माइक तोंडाशी धरलेला परवडतो. पाठीमागे दोरीवर दोन वाकळी टाका. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणारे लोक मला कळत नाहीत, झुरळं सोडून कुणाला त्याचा फायदा झालेला बघितला नाही. गाताना आवाजाचं टोक उणे 12 डीबीच्या आसपास ठेवा. लाल दिव्यावर गेलेला सूर परत येत नाही. मागे सारखं 'हंऽऽ' ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर गाऊन बघा. गेला तर दोष अर्थिंगचा, माइकचा नव्हे.

पेटीवाल्यांसाठी वेगळं. डॉ तुमची काळी-पांढरी ओळखत नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, एवढं वहीत लिहून ठेवा. रूपकासाठी टाइम सिग्नेचर सात-चार करा, झपतालासाठी पाच-चारच्या दोन बार, नाहीतर क्लिकचा जोर दरवेळी समेवर पडणार नाही. आणि पेटी सॉफ्टवेअरच्या वाद्यांशी जुळतेच असं धरून चालू नका. माझी मामाची आहे. 2019 च्या पुरात गावभागात दोन दिवस पाण्यात होती, मिरजेत आतले सूर बदलून घेतले, तेव्हापासून 20 सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा पाचवा भाग, चढी बोलते. आधी पेटीची पट्टी ट्यूनरवर बघते, मग सॉफ्टवेअरमधली वाद्यं तेवढी चढवते. पेटीला खाली आणणं माझ्याच्यानं होत नाही, आणि मामाला ते सांगणं तर नाहीच.

लूपचे, म्हणजे परत परत फिरणाऱ्या तयार तुकड्यांचे पॅक, तयार तबला, तयार तंबोरा याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. शिकायला वापरा. पण मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मी तिथून दहा किलोमीटरच्या आत बसून मोबाईलमधला तंबोरा गाण्याखाली लावत होते, याची मला लाज वाटली. एक रविवार सिटी बसनं मिरजेला गेले, ओळखीच्या कारागिरांकडं जवारी लावत असताना, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची गुंज जुळवत असताना, वीस मिनिटं मोबाईलवरच रेकॉर्ड करून आणलं. त्यात मागे रंधा चालल्याचा आवाज आहे. तरी तोच वापरते.

शिकवणाऱ्यांबद्दलही सांगते. 'तीन महिन्यांत म्युझिक प्रोड्युसर' अशा एका क्लासला मी पैसे भरले होते. तिथं प्लगइनची नावं पाठ झाली, लेटन्सी, म्हणजे हाच उशीर, हा शब्द एकदाही आला नाही. तुमची फाइल वीस सेकंद ऐकून तुमच्यावर निकाल देणाऱ्याचं काही मनावर घेऊ नका. तुमच्या शेजारी बसून तुमचा स्क्रीन बघेल असा एक माणूस शोधा. तो रेकॉर्डिस्ट असायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडं गणपतीच्या दहा दिवसांत जो माणूस पावसात, हेलकावणाऱ्या व्होल्टेजवर साउंड चालवतो, त्याला जे कळतं ते व्हिडिओत मिळत नाही. चहा-भडंगाचा खर्च येतो, इतकंच.

आणि घाबरू नका, खरंच. पहिले दोन महिने सगळंच वाईट ऐकू येतं. हेडफोनवर गोड वाटलेलं गाणं मोबाईलवर पत्र्यासारखं वाजतं. मी प्रत्येक मिक्स शेजारच्या दादांच्या वडापमध्ये, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, लावून बघते. तिथं शब्द कळले तर पास. पहिल्या वेळी ते म्हणाले होते, ताई, बायको रागावल्यावर असाच आवाज येतो. आवाज खूप टोचत होता, घरी येऊन वरचा भाग थोडा कापला.

टाळ्यांचा तो प्रयोग झाल्यावर काका गेले आणि मी ती जुनी, अकराव्या वेळेची फाइल उघडली. आवाजाचा ट्रॅक 210 मिलिसेकंद डावीकडं सरकवला आणि लावला. समेवर शब्द बरोबर पडत होता. धृपद, पहिलं कडवं, परत धृपद, सगळं जागेवर. ताल कच्चा नव्हताच. दुसऱ्या कडव्यात पंचम मात्र खरंच उतरलाय. तो माझाच, तो कुठल्या ड्रायव्हरच्या गळ्यात घालता येत नाही.